बाबांचे पस्तीस टक्के

आमचं शनिवार पेठेत चहाचं दुकान आहे. प्यायच्या चहाचं नाही, चहा पावडरीचं. मागच्या भिंतीला पत्र्याचे मोठे डबे आहेत. एकात दाणेदार मामरी, एकात बारीक डस्ट, एकात लांब पानाचा चहा, ज्याला वास असतो पण रंग येत नाही. गिऱ्हाईक आलं की बाबा दोन-तीन डब्यांतून माल काढायचे, परातीत ओतायचे आणि हाताने हलकेच कालवायचे. प्रत्येक घराचं मिश्रण ठरलेलं असायचं आणि ते टक्क्यांत सांगितलं जायचं. त्यामुळे आमच्याकडे लोकांची ओळखही टक्क्यांनीच व्हायची.

"आज साठ-चाळीसवाल्या काकू आल्या होत्या. मुलीचं ठरलं त्यांच्या," बाबा आईला सांगायचे.

"कोण, त्या हळू बोलतात त्या?"

"नाही गं, त्या सत्तर-तीस. ह्या भांडतात त्या."

मी एकुलती एक. दुकानात मी फारशी बसले नाही, कारण गिऱ्हाइकांशी बोलावं लागायचं. शाळेतून परस्पर दुकानात गेले तर मागच्या बाकावर वह्या उघडून बसायचे आणि अभ्यास सोडून बाबांच्या हाताकडे बघायचे. बाबा टक्के म्हणायचे नाहीत, शेकडा म्हणायचे. शेकडा साठ, शेकडा चाळीस. त्यांच्या मराठी शाळेत तसंच शिकवलं होतं. मी इंग्रजी शाळेत. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत मी अजूनही अडखळते, मनात आधी इंग्रजी आकडा येतो आणि मग मी त्याच्या मागून चाचपडत मराठी आकड्याकडे जाते.

पण टक्के काढायला मला शाळेने नाही, बाबांनी शिकवलं. लक्ष्मी रस्त्यावर एका कपड्यांच्या दुकानाबाहेर मोठा फलक होता: पन्नास टक्के सूट, अधिक वीस टक्के. मी म्हणाले, "सेव्हन्टी परसेंट ऑफ आहे, बाबा." बाबा तिथेच थांबले. आमच्या मागून येणारी माणसं आम्हाला वळसा घालून जाऊ लागली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कशाचे वीस?" बाबांनी विचारलं.

"म्हणजे?"

"पन्नास गेले. उरलं किती? अर्धं. आता वीस कापायचे ते त्या अर्ध्यातले. अर्ध्यातले वीस म्हणजे पहिल्याचे दहाच. झाले साठ. दुकानदार येडा नाहीये." मग चालायला लागल्यावर म्हणाले, "शेकडा ऐकला की पहिल्यांदा विचारायचं, कशाचा. ते कळल्याशिवाय आकडा बोलायचाच नाही."

घरात इंग्रजीत आलेला प्रत्येक कागद माझ्याकडे यायचा. विजेचं बिल मराठीत असायचं, पण बँकेचं पत्र, विम्याची पुरवणी, फ्रिजच्या वॉरंटीचं पुस्तक, औषधाच्या बाटलीतली घडी, हे सगळं माझं. शेजारणींना आई सांगायची, "आमच्याकडे इंग्रजीचं खातं हिच्याकडे." मला ते आवडायचं. कागद वाचताना कोणी माझ्याकडे बघत नसे, सगळे कागदाकडे बघायचे.

माझ्या निकालांच्या दिवशी मात्र उलटं व्हायचं. फोन वाजायला लागला की मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायचे. बाहेर आईचा आवाज ऐकू यायचा. "हो, हो, लागला. नव्वदच्या आसपास आहेत." मला नव्वदच्या आसपास कधीच नव्हते. आई खोटं बोलायची असं मी म्हणणार नाही. तिचा आसपास मोठा होता.

गेल्या उन्हाळ्यात बाबांना डबे उतरवताना धाप लागायला लागली. उकाडा आहे, असं ठरलं. मग पित्त आहे, असं ठरलं. कात्रजला आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. एका संध्याकाळी बाबा दुसऱ्या मजल्यावर पायरीवर बसले आणि म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे, मी आलोच." आई पुढे झाली नाही. तिथूनच आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. झटका येऊन गेला होता, कधी ते बाबांनाही सांगता येईना. बंद पडलेल्या नळ्यांत स्टेंट घातले गेले आणि दोन दिवसांनी हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, झाली. रिपोर्ट अर्थातच माझ्या हातात दिला.

"काय लिहिलंय?" बाबांनी पलंगावरून विचारलं.

मी तोवर बाहेर उभं राहून फोनवर सगळं वाचून आले होते. "हृदयाची रक्त ढकलायची ताकद लिहिली आहे. अठ्ठावीस टक्के."

"कशाचे?"

मी सांगितलं. हृदय एकदा भरतं तेव्हा त्यात जेवढं रक्त असतं, त्यातलं किती बाहेर ढकललं जातं ते. बाबांनी मान हलवली. त्यांना हे लगेच समजलं, माझ्यापेक्षा लवकर.

"मग बाकीचे बहात्तर आतच राहतात?"

"राहतात. पण शंभर कोणाचेच नसतात, बाबा. धडधाकट माणसाचेसुद्धा साठच्या आसपास."

"म्हणजे साठाचा पेपर आहे." बाबांनी वर पंख्याकडे पाहिलं. "साठातले अठ्ठावीस. सेहेचाळीस टक्के झाले की. सत्तेचाळीसच धर."

आईचा चेहरा जरा सैल झाला. हिशेब बरोबर होता.

डॉक्टर पन्नाशीच्या आतले होते, आमच्याशी मराठीत बोलायचे आणि मधूनच माझ्याकडे वळून तेच इंग्रजीत सांगायचे, जणू मी आई-बाबांची वकील. त्यांनी नियम समजावून सांगितला. तीन महिने औषधं घ्यायची, मग परत इको. अशा हृदयाचे ठोके कधी अचानक बिघडतात आणि माणूस जागच्या जागी जातो. तेव्हा तीन महिन्यांनंतरही आकडा पस्तीस किंवा त्याच्या खाली राहिला, तर छातीत कातडीखाली एक लहान मशीन बसवायचं. ठोके बिघडले की ते आतल्या आत शॉक देतं.

"माझ्या छातीत मोबाईल बसवणार," बाबा म्हणाले. "चार्जिंगचं काय?"

"ते आमच्यावर सोडा, काका," डॉक्टर हसून म्हणाले.

रिक्षात आई एवढंच म्हणाली, "पस्तीसला पास." बोर्डाच्या परीक्षेतला आकडा तिथे कसा आला, मला कळेना. योगायोगच. पण त्या क्षणापासून आमच्या घरात तो निकाल होऊन बसला.

ते तीन महिने बाबा विद्यार्थ्यासारखे वागले. दहावीत मी वागले नव्हते तसे. सकाळी तळ्याच्या कडेने चालायला जायचे, बेताने, डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच. गोळ्या वाराप्रमाणे डबीत भरून ठेवायचे. लोणच्याची बरणी त्यांनी स्वतः उचलून वरच्या फडताळात ठेवली आणि मग स्टुलावर चढलात कशाला म्हणून आईची बोलणी खाल्ली. मीठ किती कमी करायचं यावर त्यांचं भांडण व्हायचं. आईने आमटीत निम्मं मीठ घातलं की बाबा म्हणायचे, "पन्नास टक्के? हा सेल आहे का?"

सोलापूरहून आत्याचा फोन यायचा. ती बाबांची धाकटी बहीण.

"वहिनी, दादाचं किती निघालं हो शेवटी?"

"चाळीसच्या आसपास आहे," आई म्हणाली.

मी समोरच बसले होते. आईने माझ्याकडे पाठ केली.

"हात्तिच्या, मग काय घाबरायचं! आमच्या ह्यांच्या मित्राचं वीस आहे. बुलेट चालवतो."

श्रावणात दुसरा इको झाला. बाहेरच्या खुर्च्यांवर आम्ही तिघं ओळीने बसलो होतो. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. रिपोर्टचं पाकीट आल्यावर त्यांनी ते उघडलं नाही, माझ्या मांडीवर ठेवलं. मी वाचलं. बत्तीस.

"तीन मार्कांनी राहिला," बाबा म्हणाले.

"ती इको करणारी मुलगी नवीन होती," आई म्हणाली. "छातीवर मशीन धड दाबतसुद्धा नव्हती. मी बघत होते ना दारातून. आपण रीचेकिंगला टाकू."

माझ्या ओळखीत दहावी-बारावीच्या निकालानंतर पेपर परत तपासायला न टाकलेलं एकही घर नाही. एका मार्काने, दोन मार्कांनी प्रवेश हुकतो, म्हणून पैसे भरायचे आणि दुसऱ्या कोणाच्या तरी डोळ्यांखालून पेपर घालायचा. आईला त्यात काही वेगळं वाटलं नाही. डॉक्टरांना न विचारता आम्ही सदाशिव पेठेतल्या दुसऱ्या ठिकाणी गेलो. तिथे एका वयस्क बाईंनी बराच वेळ घेऊन इको केला. बाबांशी त्या पावसाबद्दल बोलल्या. आकडा आला अडतीस.

आईने पेढे आणले. आणून मग तिला वाटलं की हे जरा जास्त होतंय, म्हणून तिने ते देवापुढे ठेवले आणि श्रावणी सोमवार आहे असं सांगितलं. त्या दिवशी गुरुवार होता.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून लवकर निघून दुकानात गेले. दोन्ही रिपोर्ट बाबांनी गल्ल्यापाशी शेजारी शेजारी ठेवले होते. चहाच्या कागदी पिशवीवर त्यांनी आकडे मांडले होते.

"बत्तीस आणि अडतीस. सत्तर. अर्धे, पस्तीस." त्यांनी पेन खाली ठेवलं. "निम्मा हा माल, निम्मा तो माल."

"बाबा, दोन माल नाहीत. एकच आहे. दोनदा वजन केलं."

"मग? एकाच पोत्याचं वजन दोनदा वेगळं आलं तर काय करतात? मधलं धरतात. तुमच्या ऑफिसात काय करतात?"

आमच्या ऑफिसातही तेच करतात. दिवसभर मी तेच करते, कुठलं काम किती टक्के झालं याचे तक्ते, आणि दोन माणसांनी दोन आकडे दिले की मधला धरते. म्हणून मी दुसऱ्या बाजूने मुद्दा मांडला.

"डॉक्टर म्हणाले होते, पस्तीस किंवा खाली. पस्तीससुद्धा त्यातच येतं."

बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बोर्डात पस्तीसला नापास केलेलं ऐकलंयस कधी?"

मला हसू आलं. मला हसू आलेलं बघून तेही हसले. त्यांना त्यातली गफलत कळत नव्हती असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. ज्या माणसाने भर लक्ष्मी रस्त्यात मला थांबवून 'कशाचे' असं विचारलं होतं, त्याला परीक्षेतले पस्तीस आणि हृदयाचे पस्तीस वेगळे आहेत हे कुणी सांगायला नको होतं. त्यांना ते मशीन नको होतं. ते बसवलं की ते आजारी माणूस होणार होते. डबे उतरवायला दुसरा माणूस ठेवावा लागणार होता. गिऱ्हाइकांनी विचारलं असतं. पैशांचा प्रश्न नव्हता, विमा होता. ते मला एवढंच म्हणाले, "झोपेत शॉक बसला तर तुझी आई घाबरेल."

"बसवून घ्या, बाबा," मी म्हणाले. आमच्या घरात मी कोणाला काही करा असं क्वचितच सांगते. त्यांनी पिशवीची घडी घालून खिशात ठेवली.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दोन्ही रिपोर्ट पाहिले, मग बाबांकडे पाहिलं, आणि त्यांना आतल्या पलंगावर झोपायला सांगितलं. स्वतः इको केला. आई दाराशी उभी. मी पडद्याकडे बघत होते. काळ्या-करड्या रंगात बाबांचं हृदय हलत होतं, एका बाजूने चांगलं आणि दुसऱ्या बाजूने कसंतरी, दमलेल्या माणसाने पाय ओढावा तसं. मला वाटलं, यात टक्के कुठे आहेत. हे तर दिसतंच आहे.

"किती?" बाबांनी झोपल्या झोपल्या विचारलं.

"काका, आकड्यावर जाऊ नका. थोडा इकडे तिकडे होतोच तो. चोवीस तास ठोके मोजायचं यंत्र लावलं होतं ना, त्याच्या पट्टीत तुमचे ठोके मधेमधे चुकलेले दिसतात, मला ते जास्त खटकतंय. मशीन बसवा."

"तरी पण किती?"

डॉक्टरांनी सुस्कारा सोडला. "तेहेतीस."

बाबा उठून बसले. शर्टाची बटणं लावता लावता त्यांचे ओठ हलत होते. बत्तीस, अडतीस, तेहेतीस. एकशे तीन. भागिले तीन. मी त्यांच्याबरोबरच करत होते आणि आम्ही एकाच वेळी उत्तरापाशी पोचलो, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

"चौतीस," ते म्हणाले. "वर थोडं." मग शेवटचं बटण लावलं. "ठीक आहे. बसवू."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुम्ही समजावून सांगा त्यांना घरी."

"सर, त्यांना कळलंय," मी म्हणाले.

"फक्त गणपती होऊ देत," बाबा म्हणाले. "गणपतीत दुकानात माझ्याशिवाय चालत नाही. घरोघरी चहा लागतो."

"लांबवू नका, काका."

"नाही हो. शब्द दिला म्हणजे दिला."

गणपती झाले. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात फोन करून तारीख घ्यायची असं ठरलं होतं. फोन माझ्या हातात होता तेव्हा आई म्हणाली, "अहो, पण आता पितृपक्ष लागतोय. नवी वस्तू आणत नाहीत आपण पितृपक्षात. आणि ही तर अंगात घालायची. दसरा होऊ दे, चांगल्या दिवशी चांगलं काम करू."

"आई, ऑपरेशनला कसला मुहूर्त?"

"वीस-पंचवीस दिवसांनी काय फरक पडणार आहे?" तिने माझ्याकडे असं पाहिलं की तिला खरंच उत्तर हवं होतं. "सांग ना. तुला कळतं ना यातलं."

बाबा पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं नाही.

मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून तो हिशेब केला. अशा हृदयाला वर्षभरात किती धोका असतो, हे मी वाचलेलं होतं. तो बारा महिन्यांत वाटला, मग दसऱ्यापर्यंतच्या दिवसांत. उत्तर इतकं लहान आलं की मला बरं वाटलं. मी ते आईला सांगितलं. आई म्हणाली, "बघ." दसऱ्यानंतरच्या सोमवारची तारीख घेतली.

नवरात्रात, घट बसून चार-पाच दिवस झाले असतील, दुपारी मला फोन आला. आमच्या दुकानाशेजारी पुस्तकबांधणीचं दुकान आहे. तिथले चाचा बाबांपेक्षा वयाने मोठे, त्यांच्या वडिलांपासून तिथे आहेत. दुपारी एक ते चार दोघंही शटर अर्धं ओढून पडायचे. चार वाजता बाबांचं शटर वर गेल्याचा आवाज आला की चाचा उठायचे.

"बेटा, तू कुठे आहेस?"

"ऑफिसात, चाचा."

"तुझ्या बाबांनी अजून शटर उघडलं नाही." ते थांबले. "मी आत जाऊन आलो. तू ये. आईला मी फोन नाही केला. आधी तू ये."

मी गाडी बोलावली. बाणेरच्या ऑफिसातून पेठेत यायला संध्याकाळी किती वेळ लागतो ते पुण्यातल्या कोणालाही माहीत आहे. गाडीत मला कुठेच बघवेना, म्हणून मी हातातल्या फोनच्या बॅटरीचा आकडा बघत बसले. तो एकेकाने उतरत होता. विद्यापीठाच्या चौकात गाडी अडली तेव्हा मी चालकाला म्हणाले, "प्लीज," आणि तो म्हणाला, "मॅडम, मी तरी काय करू?" आणि खरंच, तो काय करणार.

बाबा गल्ल्यामागे चटईवर कुशीवर झोपलेले होते. चष्मा काढून बाकावर ठेवलेला. चाचांनी त्यांच्या अंगावर स्वतःची चादर घातली होती. परातीत कोणाचं तरी मिश्रण कालवून ठेवलेलं होतं. बांधायचं राहिलं होतं.

घरी माणसं जमली. सुतक लागलं म्हणून घटाला पाणी घालायला शेजारच्या काकू येत, खाली मान घालून यायच्या आणि तशाच जायच्या. आत्या आली. रडून झाल्यावर, चहा पिऊन झाल्यावर, लोक तेच विचारत. किती टक्के होतं? कोणी भाचा, कोणी दुकानाच्या गल्लीतले, कोणी साठ-चाळीसवाल्या काकू, ज्यांना मी पहिल्यांदा जवळून पाहिलं आणि ज्या अजिबात भांडल्या नाहीत. मला वाटलं, आकडा ऐकला की हे आपल्या घरी होणार नाही अशी त्यांची खात्री पटत असावी. मी बाथरूममध्ये गेले नाही. तिथेच बसून राहिले.

"तेहेतीस," आई प्रत्येकाला सांगत होती. "डॉक्टरांनी स्वतः केलं होतं. तेहेतीस."

आत्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

दिवाळी झाल्यावर विम्याच्या कागदावर डॉक्टरांची सही हवी होती. मी एकटी गेले. बाहेरच्या खुर्च्यांवर एक कुटुंब बसलं होतं आणि त्यांच्यातली शाळेच्या गणवेशातली मुलगी एक पाकीट उघडून वाचत होती. मी दुसरीकडे तोंड करून बसले.

डॉक्टरांनी सही केली. कागद मला दिला नाही, हातात धरून ठेवला. "मी सांगत होतो त्यांना," ते म्हणाले. "अर्थात मशीन असतं तरी खात्री कोणीच देऊ शकत नाही. पण अशा केसमध्ये मशीनमुळे साधारण..."

"सर, नको."

मी आयुष्यात कधी कोणाचं बोलणं मधेच तोडलं नव्हतं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. डॉक्टर थांबले.

"मला आकडा नको," मी म्हणाले.

त्यांनी कागद दिला. "सॉरी," ते म्हणाले. मीही सॉरी म्हणाले. मग मी उठले.

घरी आई मेथी निवडत बसली होती. मी कागद तिच्यासमोर ठेवला.

"झाली सही?"

"झाली."

"काही म्हणाले?"

"सांगणार होते. मशीन असतं तर वाचण्याचे किती टक्के, ते. मी नको म्हणाले."

आईने काड्या एका बाजूला सारल्या, पानं दुसऱ्या. "मी विचारलं त्यांना," ती म्हणाली. "तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी. तू ऑफिसला गेली होतीस."

"तू फोन केलास?"

"हो. दोनदा लागला नाही. मग लागला. त्यांनी नीट सांगितलं."

"किती म्हणाले?"

एक जुडी संपली होती, तिने दुसरीचा दोरा सोडला आणि मुळं कापायला लागली.

"आई. किती?"

"पितृपक्षात नको असं कोण म्हणालं होतं?"

"आई, तसं काही..."

"मी म्हणाले होते. तू हिशेब करून सांगितलास, पण विचारलं मी होतं. तर तो आकडा माझ्याकडे राहू दे." तिने विळी आडवी केली. "ऊठ. हात धू. पोळ्या गरम आहेत तोवर खाऊन घे."

मी हात धुऊन आले. तिने मला वाढलं आणि माझ्यासमोर बसली, पण स्वतःचं पान घेतलं नाही.